फाईलचं आडनाव बघता का?

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ती उघडली आणि खात्यातून जवळपास १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका पीडीएफ दिसत होती, पण होती एपीके. म्हणजे वाचायचा कागद नव्हे, फोनमध्ये बसणारं ॲप.

घरच्या कॉम्प्युटरवरही स्पायवेअर बहुतेक वेळा असंच येतं, आपणच दार उघडून आत घेतलेलं. फाईलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे येतं ते तिचं आडनाव समजा. पीडीएफ, जेपीजी हे वाचायचे-बघायचे प्रकार. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम. गंमत अशी की विंडोज हे आडनाव मुळात लपवूनच ठेवतं. ‘पीकविमा यादी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाईल आली तर तुम्हाला ‘पीडीएफ’पर्यंतच दिसतं, वर चित्रही पीडीएफचंच लावता येतं. मला तर ही सोय कुणाच्या सोयीची आहे तेच कळत नाही! विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोरर उघडा, व्ह्यू, मग शो, आणि ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. आजच करा.

एकदा आत आलेलं स्पायवेअर काय करू शकतं, याचं आपल्या राज्याशी जोडलेलं उदाहरण म्हणजे भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांचा लॅपटॉप. पुणे पोलिसांनी तो एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीतून जप्त केला. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने बचाव पक्षासाठी त्याची तपासणी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या त्यांच्या अहवालानुसार, १३ जून २०१६ ला ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आला, त्यातली फाईल उघडली गेली आणि ‘नेटवायर’ आत शिरलं. पुढचे २२ महिने कुणीतरी दुरून तो लॅपटॉप वापरत होतं आणि त्यात कागदपत्रं ठेवत होतं. त्यातली काही वर्डच्या अशा आवृत्तीत तयार झाली होती, जी त्या लॅपटॉपवर नव्हतीच. एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत. पण नेटवायर हे काही गुप्तहेरांचंच हत्यार नव्हतं. २०२३ मध्ये त्याची वेबसाइट जप्त होईपर्यंत ते इंटरनेटवर विकत मिळायचं. टाईप केलेली अक्षरं टिपणं, पासवर्ड उचलणं, फाईल नेणं किंवा आणून ठेवणं, सगळं त्यात होतं.

‘अँटिव्हायरस आहे की!’ असं म्हणाल. असावाच, आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. अडचण अशी की फुकटचं विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करणारे जुगाड बरेचदा आधी तोच बंद करायला लावतात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्सही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

घरात एकच कॉम्प्युटर असतो. पोरं त्यावर गेम उतरवतात, वडील त्यावरच बँक उघडतात. दोघांची खाती वेगळी करा, आणि पोरांचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा, ॲडमिन नको. प्रोग्रामला तो उघडणाऱ्याइतकेच अधिकार मिळतात, त्यामुळे पोराच्या खात्यात काही घुसलं तरी वडिलांच्या फाईलपर्यंत पोचणं अवघड जातं. मात्र वडिलांनीच चुकीची फाईल उघडली, तर त्यांच्या स्वतःच्या फाईल ते वाचणारच. तिथे स्टँडर्ड खातंही कामाचं नाही.

शंका आली तर आधी इंटरनेट तोडा. पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलत बसू नका, नवा पासवर्डही टिपला जाईल. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते.