बोलता येणे हीसुद्धा सुरक्षा : साथीच्या काळातील काम आणि अमरावती-अकोल्याचा धडा

फेब्रुवारी २०२१ मध्ये उर्वरित महाराष्ट्र कोरोना ओसरला असे समजून मोकळा होत होता, तेव्हा अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढू लागले. २२ फेब्रुवारीच्या रात्री अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. अकोल्यातही कडक निर्बंध आले. देशाला दुसऱ्या लाटेची पहिली चाहूल आपल्या वऱ्हाडातून लागली.

लॉकडाऊन म्हणजे घरात बसणे, असे आपण म्हणतो. पण इर्विनमधील परिचारिका घरात बसल्या नाहीत. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातील कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, स्मशानभूमीतील कर्मचारी, घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, यांपैकी कोणीच घरात बसले नाही. यातील अनेक जण आपल्या वस्त्यांतले, आपल्या नात्यागोत्यातले आहेत. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या, सत्कारही झाले. मात्र कामाच्या जागी त्यांना काय वाटते, हे विचारण्याची व्यवस्था फार थोड्या ठिकाणी होती.

या लेखात आम्ही त्याच व्यवस्थेबद्दल बोलणार आहोत. तिला 'मानसिक सुरक्षितता' म्हणतात. शब्द नवा वाटेल, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

मानसिक सुरक्षितता म्हणजे काय?

आपल्याकडे ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत एक वाक्य नेहमी ऐकू येते : "जाऊ द्या ना, साहेबाले कोन सांगन?" हे वाक्य जिथे रोज म्हटले जाते, तिथे मानसिक सुरक्षितता नाही, असे खुशाल समजावे.

प्रश्न विचारला, चूक दाखवली, मदत मागितली किंवा 'मला हे जमत नाही' असे सांगितले, तरी आपला अपमान होणार नाही, बदली होणार नाही, कंत्राट तुटणार नाही, असा विश्वास कामाच्या जागी असणे म्हणजे मानसिक सुरक्षितता. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९९ च्या शोधनिबंधात ही कल्पना नीट मांडली. त्याआधी त्या रुग्णालयांतील गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटात औषधे देताना कमी चुका होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. शोध घेतल्यावर उलगडा झाला : त्या गटांत माणसे चुका लपवत नव्हती. ज्या गटांत प्रमुखाचा धाक होता, तिथे चुका होत होत्या, पण कागदावर येत नव्हत्या.

साथीच्या काळात याचा अर्थ फार गंभीर होतो. पीपीई किट फाटले आहे, ऑक्सिजनची नळी गळते आहे, मला स्वतःला सकाळपासून कणकण आहे, या गोष्टी सगळ्यात आधी सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याला कळतात. तो बोलला तर जीव वाचतात. तो गप्प राहिला तर रोग वॉर्डात पसरतो आणि तोच रोग त्याच्या घरी, त्याच्या वस्तीतही जातो.

गप्प कोण बसतो?

गप्प बसणे हा स्वभाव नसतो. ज्याची नोकरी पक्की आहे, तो थोडे तरी बोलतो. ज्याचे कंत्राट अकरा महिन्यांचे आहे, तो बोलण्याआधी घरातील पिठाचा डबा आठवतो. त्यात आडनावावरून जात ओळखली जाते आणि घाणीचे काम कोणाच्या वाट्याला द्यायचे हे न बोलता ठरते, तिथे त्याचे तोंड आणखी घट्ट मिटते. म्हणून कर्मचाऱ्यांचे मनःस्वास्थ्य हा फक्त मानसोपचाराचा विषय नाही. तो पगाराचा, कंत्राटाचा आणि जातीचाही विषय आहे.

आशाताईंचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम राज्यभर राबवली गेली. घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजण्याच्या त्या कामात आशा आघाडीवर होत्या. लोक दार लावून घेत, शिव्या देत, 'तूच रोग घेऊन आलीस' म्हणत. तरी सरकारी व्याख्येत आशा 'स्वयंसेविका'च. तिला वेतन नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला. अखेर १५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी संप केला. आठवडाभराने सरकारने दरमहा एक हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोरोना भत्ता मान्य केला. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला.

या घटनाक्रमातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकटी आशा बोलली असती तर तिचे गाव दुसऱ्या कोणाला देता आले असते. सगळ्या मिळून बोलल्या, म्हणून ऐकावे लागले. संघटना हीसुद्धा मानसिक सुरक्षितता देते.

हरिसालची आठवण

त्याच दुसऱ्या लाटेत, २५ मार्च २०२१ रोजी, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाचे आरोप होते. त्याहून वरच्या अधिकाऱ्याला सांगूनही उपयोग झाला नाही, असेही त्यांत लिहिले होते. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, राज्यभर निदर्शने झाली. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे, त्यात आम्ही शिरत नाही.

आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते एका गोष्टीकडे. ही गणवेशातील, अधिकारपदावरची, धडाडीची म्हणून ओळखली जाणारी बाई होती. तिच्या पत्रांवर विश्वास ठेवला, तर तिलाही 'मला त्रास होतो आहे' हे सांगून उपयोग होईल अशी जागा सापडली नाही. मग दुर्गम पाड्यावरच्या कंत्राटी सेविकेचे काय? तक्रारीचा एकच रस्ता असेल आणि त्या रस्त्यावर तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच किंवा त्याचा मित्र बसला असेल, तर तो रस्ता बंदच समजावा.

धम्मात ही गोष्ट जुनी आहे

काही तरुण म्हणतील, हे सगळे पाश्चात्य कंपन्यांचे खूळ आहे. तसे नाही. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्मचाऱ्यांबाबतची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. पोटभर अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात त्यांची काळजी घ्यावी. आपल्याला मिळालेले खास पदार्थ त्यांच्यासोबत वाटून खावेत. वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आज एखाद्या कोविड केंद्राच्या भिंतीवर लावली असती, तर त्यातील एकही ओळ जुनी वाटली नसती.

विनयपिटकातील महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला जाब विचारला. सफाईचे काम हलके नसते, हे त्यांनी आधी करून दाखवले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पवारणा. वर्षावास संपताना भिक्खू एकत्र येतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूही याला अपवाद नाहीत. संयुत्त निकायातील पवारणा सुत्तानुसार तर खुद्द तथागतांनी भिक्खूंना स्वतःबद्दल असे विचारले. साहेबाने आधी स्वतःला प्रश्न विचारू द्यायचा, ही मानसिक सुरक्षिततेची पहिली पायरी. ती आपल्या परंपरेत दरवर्षीचा विधी म्हणून आहे.

बाबासाहेब आणि बोलण्याचा हक्क

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले, हे आपण भाषणांत सांगतो. तितकेच महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या काळात त्रिपक्षीय मजूर परिषदेची पद्धत रुजली. सरकार, मालक आणि मजूर एका टेबलाभोवती बसू लागले. मजुराला खुर्ची मिळाली, म्हणजे त्याचे म्हणणे नोंदवून घेणे भाग पडले. थकलेल्या माणसाला विश्रांती आणि गप्प बसवलेल्या माणसाला खुर्ची, या दोन्ही गोष्टी एकाच धोरणाचा भाग होत्या.

मग संस्थेने करायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद कामाशी संबंधित अवस्था म्हणून केली. तिची लक्षणे तीन : सततचा थकवा, कामाबद्दल कडवटपणा किंवा तुटलेपण, आणि आपण काही उपयोगाचे नाही ही भावना. कारण कामाच्या ठिकाणी आहे, तर उपायही तिथेच हवा. योगासनांचे एक शिबिर घेऊन भागत नाही. दवाखाना असो, शाळा असो की आपली एखादी सामाजिक संस्था, पुढील गोष्टी फारशा पैशांशिवाय करता येतात.

१. पाळी सुरू होताना दहा मिनिटांची बैठक. सगळ्यात खालच्या पदावरील माणसाने आधी बोलावे, प्रमुखाने शेवटी. काल काय अडले, आज कशाची भीती वाटते, एवढेच विचारावे.

२. कामाची लेखी नोंद. केंद्राने मार्च २०२० मध्ये कोविड कामावरील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. त्यात कंत्राटी कर्मचारी आणि आशाही होत्या. पण माणूस त्या कामावर होता, हे संस्थेने प्रमाणित करावे लागत होते. हजेरीपटावर नावच नसेल, तर कुटुंबाने काय दाखवायचे?

३. आजारपणाची सुटी, पैसे न कापता. रोज बुडाला की पगार कापला जात असेल, तर माणूस ताप लपवून कामावर येणारच. मग दोष त्याला देऊ नये.

४. पाणी, सावली, बदली माणूस. अकोल्याचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढे असताना पीपीई किटमध्ये पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही. अशा वेळी लहान पाळ्या ही चैन नसते.

५. तक्रारीचे किमान दोन रस्ते. एक रस्ता थेट वरिष्ठाला वगळून जाणारा हवा. लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.

६. दुःखाला वेळ. ज्याने एका दिवसात अनेक मृतदेह उचलले, त्याला दुसऱ्या दिवशी 'काय झाले, तोंड का उतरले?' असे दरडावू नये. सहकारी गेला तर कामाच्या जागीच पाच मिनिटे शांत उभे राहावे, त्याचे नाव घ्यावे.

७. मदतीचा क्रमांक दिसेल असा लावावा. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. मन फार खचले, जगणे नकोसे वाटले तर तिथे लगेच बोलावे. सोबतच्या माणसाने तो क्रमांक स्वतः लावून द्यावा, एकटे सोडू नये.

कार्यकर्त्यांचे काम

तरुण मित्रांनो, आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो. या विषयात आणखी दोन कामे करता येतील. पहिले, आपल्या वस्तीतील कंत्राटी कामगारांची नावे, ठेकेदार, कामाचे तास आणि हजेरीचा पुरावा यांची वही विहारात तयार ठेवणे. साथ आली की ही वही धावपळ करून तयार होत नाही. दुसरे, तक्रार एकट्याच्या सहीने न देता पाच-दहा जणांच्या सहीने देणे. एका सहीमागचा माणूस हेरता येतो, दहा सह्यांमागचा हेरणे अवघड जाते.

आणि हीच मोजपट्टी आपल्या घरालाही लावू या. विहार समिती, वसतिगृह, अभ्यासिका, संघटनेचे कार्यालय, इथे पगारी आणि बिनपगारी काम करणारी मुले-मुली आहेत. अध्यक्षांना त्यांच्यापैकी कोणी 'सर, हे चुकते आहे' असे म्हणू शकते का? बैठकीत मुली बोलतात का, की चहा तेवढा आणतात? 'समाजाचे काम आहे' असे म्हणून आपण कोणाची झोप, जेवण आणि सुटी हिरावून घेतो का? यंदाच्या आश्विन पौर्णिमेला प्रत्येक संस्थेने एक छोटी पवारणा करून पाहावी. पदाधिकाऱ्यांनी समोर बसावे, सगळ्यात नव्या कार्यकर्त्याला आधी बोलू द्यावे आणि मध्ये न तोडता ऐकावे.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आली, की पुन्हा आपलीच माणसे झाडू, स्ट्रेचर आणि थर्मामीटर घेऊन पुढे असतील. त्यांच्या हातात मोजे असावेत, ही मागणी आपण करूच. त्यांना तोंड उघडता यावे, ही मागणीही आजपासून आपल्या निवेदनात लिहू या.

जय भीम, नमो बुद्धाय.