‘लिबुशे’ : एका चेक स्त्रीनामाची व्युत्पत्ती

चेक भाषेतील परंपरागत स्त्रीनामांत ‘लिबुशे’ या नामाला विशेष मान आहे. प्राग नगरीच्या वैभवाचे भाकीत करणारी आणि प्शेमिस्ल नावाच्या नांगरधाऱ्यास पती म्हणून वरणारी राजकन्या ती हीच. परंतु दंतकथेचे वय आणि नामाचे वय यांची गल्लत होऊ नये, म्हणून दोहोंचा विचार वेगवेगळा करणे इष्ट आहे.

या नामाचा मूळ धातू इंडो-युरोपीय आहे. संस्कृत ‘लुभ्’, जर्मन ‘लीब’ (प्रिय) व रशियन ‘ल्युबीत्’ (प्रेम करणे) हे शब्द त्याच कुळातील होत. आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहितो, तेथे ‘लोभा’चा जो अर्थ अभिप्रेत असतो तोच येथे घ्यावयाचा, हाव हा अर्थ नव्हे. ‘ल्युबो-’ हे पूर्वपद असलेल्या संयुक्त स्लाव्ह नामांचा संक्षेप करून त्यास ‘-उशा’ हा लडिवाळपणाचा प्रत्यय लागला व ‘ल्युबुशा’ हे रूप सिद्ध झाले, असे मानणे सयुक्तिक ठरते.

मग ‘ल्युबुशा’चे ‘लिबुशे’ कसे झाले? चेक भाषेत मृदू व्यंजनापुढील ‘आ’चा ‘ए’ झाला, तो साधारणतः १२ व्या–१३ व्या शतकांत. आणि मृदू व्यंजनापुढील ‘उ’चा ‘इ’ झाला, तो १४ व्या शतकात. ‘श’ मृदू असल्यामुळे अंत्य ‘आ’ बदलला. आद्य ‘ल’ मृदू असल्यामुळे पहिला ‘उ’ बदलला. ‘ब’ मात्र कठोर असल्यामुळे त्यापुढील ‘उ’ तसाच राहिला. लॅटिनमध्ये ‘लुबेत्’चे ‘लिबेत्’ झाले आहे. परंतु तो त्या भाषेतील स्वतंत्र विकार असून चेक ‘इ’शी असलेले त्याचे साम्य केवळ आकस्मिक होय.

लिखित पुरावा याच्याशी जुळतो. सुमारे १११९ ते ११२५ या काळात प्रागच्या कोस्मासने रचलेल्या लॅटिन इतिवृत्तात हे नाव ‘लुबोसा’ असे येते. पहिल्या अक्षरात ‘उ’ अद्याप कायम आहे. साधारणतः १० व्या शतकाच्या अखेरची मानल्या जाणाऱ्या क्रिस्तियानच्या आख्यायिकेत भविष्यवादिनी आहे, पण तिला नाव नाही. अर्थात नामाची व्युत्पत्ती निश्चित झाली म्हणून त्या नावाची राणी होऊन गेली, हे सिद्ध होत नाही.

हा विवेक १९ व्या शतकात कसास लागला. ‘लिबुशेचा न्याय’ हे काव्य असलेले झेलेना होरा हस्तलिखित १८१८ मध्ये पुढे आले आणि अतिप्राचीन म्हणून गौरविले गेले. मासारिक यांच्या ‘आथेनेउम’ या नियतकालिकातून १८८६ मध्ये उसळलेल्या वादात भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउएर यांनी त्यातील व्याकरणरूपे अस्सल प्राचीन चेकशी विसंगत असल्याचे दाखविले. राष्ट्राभिमानाला ते रुचले नाही. तथापि ते लिखाण बनावट होते, हेच अखेर मान्य झाले.

नाव मात्र टिकले. स्मेतानाच्या ‘लिबुशे’ या संगीतिकेने ११ जून १८८१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे उद्‌घाटन झाले, आणि आगीनंतर १८८३ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हाही हीच संगीतिका सादर झाली. चेक दिनदर्शिकेत १० जुलै हा या नामाचा दिवस आहे. बनावट काव्य बाजूस सारल्याने नामाचे काहीच उणे झाले नाही. त्याचे खरे प्राचीनत्व त्याच्या स्वरांतच नोंदलेले आहे.