ताणावर ठेवलेलं झाड

मे महिन्यात पांढुर्ण्याकडची संत्र्याची बाग पाहून परगावचा माणूस हळहळतो. विहिरीत पाणी असतं, तरी झाडांची पानं मलूल, कडांनी वळलेली. मालक मात्र बांधावर बसून नुसता पाहत असतो. बाग ताणावर ठेवलेली असते. मृग बहार धरायचा तर पाणी तोडावं लागतं. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठतं आणि मृगाचा पाऊस लागला की तीच फांदी फुलांनी लगडते. पाऊस लांबला तर काय होतं, ते ज्याची बाग आहे त्यालाच ठाऊक. "झाडाले घाई नसते बाबू, घाई आपल्याले असते," असं आमचे आजोबा म्हणायचे.

कॉलेजात असताना नव्या कराराचं एक जुनं मराठी पुस्तक हाती आलं आणि त्यात याकोबाचं पत्र वाचलं. शेवटच्या अध्यायात एक शेतकरी भेटतो. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पाऊस येईपर्यंत तो भूमीच्या पिकासाठी थांबून आहे. पॅलेस्टाइनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीला येतो, शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरायला. मधला काळ थांबण्याचा. मला थेट आजोबा दिसले. मी ख्रिस्ती नाही, पण तेव्हापासून धीरानं थांबण्याचा हा विषय माझ्या मागे लागला तो लागलाच.

ग्रीक नव्या करारात अशा थांबण्यासाठी मुख्यतः दोन शब्द आहेत. हुपोमोने म्हणजे ओझ्याखालून न पळता टिकून राहणं. माक्रोथुमिया म्हणजे राग लांबवर ढकलणं, माणसांचं वागणं सोसूनही त्यांना न तोडणं. मराठी ख्रिस्ती लेखनात सहनशीलता, सोशिकपणा, धीर हे तिन्ही शब्द फिरतात. माझं मत धीराच्या बाजूनं आहे. 'सोशिक' म्हटलं की मान खाली घातलेली बाई डोळ्यांसमोर येते. धीरात थांबणं आहे आणि हिंमतही आहे. धीर धरता येतो तसा देताही येतो.

हा फरक ख्रिस्ती परंपरेइतकाच जुना आहे. रोमन जगात मुकाट सोसणं हा गुलामांचा आणि दुबळ्यांचा वाटा मानला जाई. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियननं धीरावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा माणूस जहाल, भांडखोर. आपल्या अंगी हा गुण नाही, आजारी माणूस जसा आरोग्याविषयी बोलत राहतो तसा मी बोलतो आहे, अशी कबुली तो सुरुवातीलाच देतो. त्याचं सांगणं असं, की धीर हा मुळात देवाचा स्वभाव आहे. म्हणून तो लाचारांचा राहत नाही. सुमारे अर्धशतकानंतर त्याच कार्थेजचा बिशप सिप्रियन यानंही याच विषयावर लिहिलं.

आपल्याकडे या धीराची कसोटी लक्ष्मीबाई टिळकांनी दिली असं मी मानतो. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली वर्षं म्हणजे नवऱ्याच्या मागून मुकाट चालत जाणं नव्हतं. जातीचा विटाळ त्यांनी स्वतःशी झगडून सोडला, आपल्या वेळेला सोडला. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते पुढे नेण्याचं काम बाईंनी अंगावर घेतलं आणि चौसष्ट अध्याय रचले. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचलेलं असतं. या चौसष्ट अध्यायांकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही.

माझा शोध पुढे सरकला तो मात्र नागपूरकडे. सातपुड्याच्या या पायथ्याला मिशनऱ्यांची वाट नागपूरहूनच आली. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याचं नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे विदर्भात कुणाला नवं नाही. त्या नावामागचा माणूस मला सापडला तो एका पुस्तकात, आणि तेही त्यानं स्वतः पुरं न केलेल्या.

हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स गावी जन्मला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात आला तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. मराठी शिकला, शाळा काढली, हिवाळ्यात गावोगाव फिरून बाजारात उभा राहून बोलत राहिला. अठरा वर्षं. बाप्तिस्म्यांच्या हिशेबात पीक अगदी थोडं आलं. एवढ्यावरून त्याला अपयशी ठरवणारे त्याची पावलं कुठे कुठे वळली ते पाहत नाहीत. प्रवासात तो दगड फोडायचा. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळातून त्यानं आणि सहकारी रॉबर्ट हंटर यानं गोड्या पाण्यातले शंख, फळं, बिया वेचल्या. त्यांच्या गोळाबेरजेचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म प्राण्याला 'हिस्लोपिया' आणि एका हिरवट खनिजाला 'हिस्लोपाइट' अशी त्याच्यावरून नावं मिळाली. लाव्हाचे दोन थर पडण्यामध्ये किती काळ गेला असेल, याचा विचार करणारा माणूस एका पिढीत कापणी मागणार नाही, असं मला फार वाटतं.

दगडांइतक्याच चिकाटीनं तो गोंडांकडे वळला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ पावसानं फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला, वयाच्या ४५ व्या वर्षी. तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहायला तो गेला होता. मागं राहिलेल्या कागदांचं रिचर्ड टेंपल यांनी संपादन केलं आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिम जमातींविषयीच्या टिपणांचं पुस्तक निघालं. त्यात परधान, म्हणजे गोंडांच्या वंशपरंपरागत गायकाकडून उतरवून घेतलेलं, लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचं गाणं आहे, पाच भागांचं, गोंडी शब्द आणि त्यांच्या अर्थासह.

हे गाणं मी पहिल्यांदा वाचलं ती रात्र विसरता येत नाही. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो, तोंडाशी प्रचंड शिळा. चौघं निसटतात आणि काचीकोपा लोहागडला राहतात. तिथे लिंगो त्यांच्यात येतो, त्यांना शेती नि अग्नी देतो. पुढे चौघांच्या बायका त्याच्यावर आळ घेतात आणि भाऊ म्हणवणारे तेच चौघं त्याला मारून टाकतात, त्याचे डोळे काढतात. अमृत शिंपडून त्याला पुन्हा उठवलं जातं. उठल्यावर तो सूड घेत नाही. कोंडलेल्यांना सोडवायचं म्हणून काट्यांवर पडून तप करतो, महादेवानं घातलेलं अवघड काम पार पाडतो आणि अखेर शिळा सरकते.

मारलेला, उठलेला, दगडामागच्यांना बाहेर काढणारा. हेच सांगायला हिस्लॉप समुद्र ओलांडून आला होता, आणि इथला गायक त्याला आपली कथा ऐकवत होता. घाईच्या माणसानं तिथेच वही मिटली असती, नाहीतर आपल्या धर्माचा पुरावा म्हणून ती कथा ओढून घेतली असती. हिस्लॉपच्या वहीत ती गोंडीत राहिली, शब्दाला शब्द लावून. ओढून घेण्याचं काम नंतर झालं: १८७१ मध्ये जेम्स फॉर्साइथच्या पुस्तकात ती इंग्रजी छंदात आली, तेव्हा लिंगोला 'संत' ही पदवी लागलेली होती.

हिस्लॉपनंतर छिंदवाड्याला त्याच मिशनचे जेम्स डॉसन गोंडी शिकत बसले. त्यांचे गोंडी शब्द १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पुढे हे ठाणं स्वीडिश लुथरन मिशनकडे गेलं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळीचं मुख्यालय आजही छिंदवाड्यातच आहे. तो इतिहास मोठा आहे, शाळांचा, दवाखान्यांचा, आणि त्यावर लिहिणारे आहेत.

माझं मन अडकून राहतं ते त्या परधानापाशी. हे गाणं किंगरीवर, भरल्या अंगणात, वेग घेत म्हणायचं. इथे समोर टाक धरून बसलेला परका साहेब. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. त्याला शब्द कळला नाही तर पुन्हा म्हणायचा. टाक शाईत बुडेपर्यंत वाट पाहायची, मग पुढची ओळ. लिंगो मरतो तिथेही थांबायचं, उठतो तिथेही. पाच भाग असेच.

पुस्तकाच्या शीर्षकपानावर हिस्लॉपचं नाव आहे, टेंपल यांचं आहे. त्या परधानाचं नाही.