वातानुकूलन यंत्रातील ‘गॅस’ खरोखरच कमी झाला आहे का?

समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या बंगळूर शहराचे तापमान एप्रिल २०२४ मध्ये ३८.५ अंश सेल्सिअसवर पोहोचले होते. जयनगरसारख्या गर्द झाडीच्या भागातही आता वातानुकूलन यंत्रे दिसतात. खोली गार होईनाशी झाली की तंत्रज्ञ दाबमापक जोडतो आणि बहुधा एकच निदान ऐकू येते : गॅस कमी झाला आहे. हे निदान नेहमीच खरे नसते.

घरगुती स्प्लिट यंत्रात हा दाब बाहेरच्या भागावरील सर्व्हिस व्हॉल्व्हला मापक जोडून पाहतात. यंत्र चालू असताना आर-२२ वायूचा शोषण बाजूचा दाब साधारणपणे ६० ते ७० पीएसआय, तर आर-४१०ए आणि आर-३२ यांचा ११० ते १३० पीएसआय असतो. त्यामुळे यंत्रावरील पट्टीवर वायूचे नाव वाचल्याखेरीज मापकावरील आकड्याला अर्थ नाही.

यंत्र बंद असतानाचा दाब तर वायूचे प्रमाण सांगतच नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो, तसेच येथे होते. हा दाब तापमानावर ठरतो. आर-२२चा स्थिर दाब २७ अंशांना सुमारे १४५ पीएसआय असतो. नागपूरच्या ४२ अंशांच्या दुपारी तोच २२०च्या घरात जातो.

चालू यंत्रावरही हवामानाचा परिणाम होतो. बाहेर गारवा असला की, विशेषतः केशनलिका असलेल्या जुन्या यंत्रांत, दोन्ही बाजूंचे दाब उतरतात. बंगळूरच्या पावसाळी संध्याकाळी कडक उन्हाळ्यातील आकडा गाठण्यासाठी वायू भरला, तर तो अधिक होतो. पुढच्या एप्रिलमध्ये दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि वारंवार बंद पडतो. कॉम्प्रेसर जळाल्यास येणारा खर्च वायू भरण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

शोषण दाब कमी असण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे धुळीने भरलेली जाळी. हवा पुरेशी न मिळाल्याने आतील कॉइलवर बर्फ जमतो. वायू कमी असतानाही बर्फ जमू शकतो. मात्र तेव्हा कॉम्प्रेसरकडे परतणारी नळी अपेक्षेपेक्षा उबदार लागते आणि विजेचा प्रवाहही कमी असतो. दाब कमी होण्याऐवजी वाढला असेल, तर बाहेरची कॉइल मळली आहे का, हे आधी पाहावे. कॉम्प्रेसर चालू असूनही दाब स्थिर दाबापासून फारसा उतरत नसेल, तर दोष बहुधा त्याच्या झडपांत असतो. म्हणूनच दाबाबरोबर नळीचे तापमान आणि विजेचा प्रवाहही मोजणे आवश्यक ठरते.

वायू कमी झालाच असेल, तर तो कोठून तरी गळत आहे. वाहनातील इंधनाप्रमाणे तो वापरून संपत नाही. गळती शोधून ती बुजवावी, नायट्रोजनच्या दाबाने चाचणी घ्यावी, निर्वात पंपाने नळ्या रिकाम्या कराव्यात आणि मगच वायू भरावा. इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलत असल्याने दाबावरून अंदाज बांधणे अधिकच कठीण असते. त्यात पट्टीवर ग्रॅममध्ये लिहिलेले वजन काट्यावर मोजूनच वायू भरतात.