आमचा गुरुवारचा वीकएण्ड

लोकांचा वीकएण्ड शनिवार-रविवारी असतो, आमचा गुरुवारी! भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. त्यात ह्यांच्या पाळ्या आणि माझ्या बचत गटाच्या बैठका. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघंच कुठे गेलोय, हे मोजायला एका हाताची बोटंही जास्तच होतील.

दिवाळीनंतर माळा आवरताना लेकाचा तंबू सापडला. लेक नोकरीनिमित्त बंगळूरला. मी सहज म्हटलं, "अहो, जाऊ या का तिकोन्याला?" एरवी "बघू" म्हणणारे हे चक्क "चल" म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

ह्यांनी बुधवारची रजा टाकली. चिंचवडहून लोकलने कामशेत, तिथून जीपने पवनानगरमार्गे तिकोनापेठ. सॅकमध्ये तंबू, चादरी, बॅटरी आणि उरलेला चिवडा. गावातल्या एका ताईंनी त्यांच्या खाचरात तंबू ठोकू दिला. भात नुकतंच कापलेलं. धसकटं टोचू नयेत म्हणून त्यांनीच पेंढा अंथरून दिला. रात्री पिठलं-भाकरी आणि वाफाळता इंद्रायणी भात.

जेवताना ताई म्हणाल्या, "तुमच्या नळाला येतं ना पाणी, त्याच्या तळाशी हाय आमच्या सासऱ्यांचं घर." पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरणाचंच पाणी. एक दिवसाआड पाणी आलं की मी किती कुरकुरते! ऑगस्ट २०११ मध्ये बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरला गोळीबार होऊन तिघांचा जीव गेला. तेव्हा टीव्हीवर पाहताना त्याचा माझ्या नळाशी संबंध आहे, हे मनात आलंच नव्हतं. आता धरणात जमीन गेलेलं हे घर आलेल्यांना भाकरी करून घालतं.

रात्री गारठा वाढला. बॅटरी बंद केली आणि अंधारात हे म्हणाले, "अगं, कंपनीनं व्हीआरएसचं पत्र दिलंय. पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस! रोज डबा मी भरत होते आणि हे पत्र बॅगेत घेऊन फिरत होते. घरी असते तर स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली असती. इथे जाणार कुठे? दोघांच्या तंबूत कूस बदलायची तरी एकमेकांना सांगावं लागतं! मग बोललोच. घराचे हप्ते, लेकीचं शेवटचं वर्ष, ह्यांचं बावन्न वय. "उद्या कामावर गेलो नाही तर मी कोण गं?" ह्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मी नुसता हात धरून पडून राहिले.

सकाळी उजाडताच गड चढायला घेतला. वेताळ दरवाजा, चपेटदान मारुती, तुळजाईचं लेणं आणि मग बालेकिल्ल्याच्या त्या उभ्या पायऱ्या. चढताना माझा दम गेला, ह्यांनी हात दिला. उतरताना ह्यांचे पाय लटपटले, तेव्हा मी पुढे होऊन पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं.

माथ्यावरून पवनेचा जलाशय, तुंग, लोहगड, विसापूर सगळं दिसतं. ह्यांना इतिहासाची भारी हौस. म्हणाले, "१६६५ च्या पुरंदरच्या तहात तिकोन्यासकट हे चारही गड मोगलांना द्यावे लागले."

"पण पुढे स्वराज्यात परत आलेच की!" मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी हे हसले.

येताना स्वतःचा कचरा पिशवीत भरून आणला, ताईंचे पैसे त्या "राहू द्या" म्हणत असतानाही दिले. पत्रावर अजून सही केलेली नाही. आठ दिवसांची मुदत आहे. बचत गटाचे हिशेब मांडणारी मी, आता रोज रात्री ह्यांच्यासोबत घरचा हिशेब घेऊन बसते. आकडे अजून जुळत नाहीत, पण आता ते दोघांनाही माहीत आहेत.

मैत्रिणींनो, तंबू नसेल तर गच्चीवर मच्छरदाणी बांधा. पण मोबाइल खाली ठेवून एक रात्र दोघंच बोला. कुणाच्या बॅगेत कसलं पत्र असेल, सांगता येत नाही!