एकाच आगीची दोन बेटं

वरसावे नाक्यावर सगळ्यांना घाई असते. ठाण्याहून घोडबंदर रोडने आलेले, मुंबईहून दहिसरमार्गे आलेले आणि गुजरातकडे निघालेले, सगळ्यांचं लक्ष पुलावरच्या रांगेकडे. पुलाच्या अलीकडे बेट आहे आणि पलीकडे मुख्य भूमी, हे त्या गर्दीत फार थोड्यांना माहीत असतं. अलीकडचं ते साष्टी बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला उल्हास नदी आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेकडचं पाणी भरावांनी आणि रस्त्यांनी झाकलं गेलं आणि साष्टी मुंबईला जोडली गेली. अंधेरी, बोरिवली, मीरा-भाईंदर आणि ठाणे शहराचा मोठा भाग याच बेटावर वसलेला आहे.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. माझं घर वरसाव्याला. बेटांची नावं विचारली की वर्गातून अंदमान, श्रीलंका, मॉरिशस, बाली अशी उत्तरं यायची. साष्टी हे नाव क्वचितच यायचं. निवृत्तीनंतर भाचीकडे मॉरिशसला राहून आले आणि त्यानंतर आपलं बेट मला जास्त नीट दिसू लागलं. त्या बेटाचं आणि आपलं नातं रक्ताचं आहे, असं मी म्हणते. ते कसं, तेच इथे सांगायचं आहे.

शामारेलचे रंग, कोकणचा जांभा

मॉरिशसच्या नैऋत्येला शामारेल नावाचं गाव आहे. तिथे सुमारे १०० मीटर उंचीवरून धबधबा सरळ दरीत कोसळतो. काळ्या कातळाचा उभा कडा, त्यावर पांढरं पाणी आणि खाली गच्च हिरवं रान. जवळच ‘सात रंगांची माती’ आहे. उघड्या मातीचे उंचवटे आणि त्यांवर लाल, तपकिरी, पिवळे, जांभळट, निळसर पट्टे. एकही झाड नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात ते रंग असे काही उजळतात की माणूस बोलायचं थांबतो.

हे रंग आले कुठून? मूळ दगड बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत हा दगड लाखो वर्षं कुजत राहतो. त्यातली सिलिका आणि विरघळणारे क्षार पाण्याबरोबर वाहून जातात. मागे राहतात ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. त्यांचं प्रमाण जसं बदलतं तसा मातीचा रंग बदलतो.

हे वाचताना कोकणातल्या माणसाला आपल्या अंगणातला जांभा आठवायला हवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या घरांचे चिरे, माथेरानची लाल वाट, कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यावरचं बॉक्साइट, या सगळ्यांमागे हीच क्रिया आहे. तिकडे तिने रंगीत माती केली, इकडे घराच्या भिंती दिल्या.

मॉरिशसमध्ये मराठी माणसांची घरं आहेत. १८३४ पासून गिरमिटावर ऊसमळ्यांत गेलेल्या भारतीयांमध्ये कोकणातली कुटुंबंही होती. आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. महाशिवरात्रीला भाविक पायी ज्या गंगा तलावाला जातात, तो तलाव एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात आहे. आपली माणसं बोटीने तिथे पोचली त्याच्या लाखो वर्षं आधी दोन्ही भूमींचं नातं जुळलेलं होतं.

जमीन सरकली, आग तिथेच राहिली

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी प्रचंड उष्णता वर येत राहते. त्यांना ‘तप्तबिंदू’ म्हणतात. वरचं भूकवच सरकत जातं, तप्तबिंदू मात्र जवळपास जागेवरच राहतो. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमाराला आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि आज रियुनियन बेट आहे त्या भागातल्या तप्तबिंदूवरून ती सरकत होती. त्या काळात जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा पठारी खडक तो हाच. सह्याद्री त्याच थरांतून कोरला गेला आहे.

भारत उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्याच्यामागे समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची माळ उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस हे त्या माळेतले मणी. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, त्यानंतर रियुनियन. रियुनियनवरचा ‘पितों द ला फुर्नेझ’ हा ज्वालामुखी आजही जागा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ ही साखळी अशीच मांडतात. याचा अर्थ असा की वरसाव्याच्या डोंगरातला दगड आणि शामारेलच्या धबधब्याचा कडा एकाच आगीतून निघाले. आज त्यांच्यामध्ये साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरचं अंतर आहे. वयाने आपण कितीतरी थोरले.

साष्टीवर बघावं काय?

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. सुमारे ६० मीटर उंचीचा काळ्या दगडाचा सुळका. जवळ जाऊन पाहिलं की उभे, कोनदार खांब एकमेकांना चिकटून वर गेलेले दिसतात. जाड लाव्हा सावकाश थंड होतो तेव्हा आकसतो. आकसताना पृष्ठभागावर बहुकोनी भेगा पडतात आणि थंडावा आत जाईल तशा त्या खोल जातात. दगडाचे खांब होतात ते असे. माथ्यावर गावदेवीचं मंदिर आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत. १९५२ मध्ये या टेकडीला कायद्याचं संरक्षण मिळालं, २००७ मध्ये महापालिकेने तिचा वारसास्थळांत समावेश केला. तोवर भोवतालचा डोंगर खाणींनी खाल्ला होता. आता इमारती आणि झोपड्या पार पायथ्याला भिडल्या आहेत. अशाच खांबांसाठी प्रसिद्ध असलेला ‘डेव्हिल्स टॉवर’ अमेरिकेने १९०६ मध्येच आपलं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला होता.

उत्तन, गोराई, मनोरीच्या किनाऱ्यावर दगडाचा रंगच बदलतो. इथे काळ्या बेसॉल्टच्या जागी फिकट, पिवळसर ट्रॅकाइट आहे. त्यात सिलिका जास्त. तो सह्याद्रीतल्या मुख्य उद्रेकांपेक्षा काही दशलक्ष वर्षांनी तरुण आहे. घाटावरची आग निवल्यावरही आपल्या किनाऱ्यावर ती धगधगत होती, याचा हा पुरावा. याच जातीचा मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट वापरून मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बांधलं गेलं. तिथे गेलात तर आतल्या मूर्तींआधी बाहेरची भिंत पाहा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी सगळ्यांना लेण्यांसाठी माहीत आहे. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षं चाललेलं काम. ती ज्या खडकात कोरली तो उद्रेकात फुटलेले तुकडे राखेत सांधले जाऊन झालेला आहे. भिंतीवर हात फिरवला तर लहानमोठे कोनदार तुकडे बोटांना लागतात. लेण्यांबाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. डोंगरावरचं पाणी लहान पन्हळींतून या टाक्यांत उतरवलेलं आहे. पावसाळ्यात समोरचा ओढा धबधब्यासारखा कोसळतो आणि तेच पाणी उन्हाळ्यासाठी साठवलं जातं. हा दगड आणि हा पाऊस ज्यांना पुरता कळला होता, त्यांनी हे काम केलं.

दूरच जायला हवं असंही नाही. वरसाव्याजवळ रस्त्यासाठी टेकडी कापली आहे, तिथे मी मुलांना उभं करायची. कापलेल्या भिंतीत पिवळट मुरूम आणि त्यात रुतलेले गोल काळे धोंडे दिसतात. हे धोंडे नदीने घासून गोल केलेले नाहीत. अखंड कातळाला आडव्याउभ्या भेगा असतात. त्यांतून पाणी शिरतं. ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी कुजतात, म्हणून ते आधी जातात आणि गाभा गोल होत जातो. नखाने खरवडलं तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटून येतात. आतला गाभा मात्र हातोडीलाही दाद देत नाही. पुस्तकातलं ‘विदारण’ मुलांना या भिंतीपाशी जसं कळलं तसं फळ्यावर कधी कळलं नाही.

धबधब्याची घडण आणि त्याचा धोका

साष्टीच्या मध्यावर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. सर्वांत उंच शिखर जांभूळमाळ, ४६८ मीटर. सांताक्रुझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढं पाणी उतारावर आलं की घोडबंदर रोडवरून जाताना डोंगराच्या घळीघळीतून पांढऱ्या धारा दिसतात. चेण्याची नदी याच डोंगरांतून उतरून वसईच्या खाडीला मिळते. ठाण्याच्या बाजूला येऊरचे ओढे आहेत. पूल ओलांडून मुख्य भूमीवर गेलं की कामणजवळचा चिंचोटीचा धबधबा आणि तुंगारेश्वरचे ओहळ लागतात.

लाव्हाच्या थरांमुळेच हे धबधबे होतात. एका थराचा मधला भाग टणक असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झालेला असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तयार झालेल्या मातीचा लाल पट्टाही कुठे कुठे असतो. पाणी मऊ थर पटकन खातं, टणक थराची कड तशीच पुढे राहते आणि तिच्यावरून पाणी खाली पडतं. पडणारं पाणी आणि त्यातले गोटे पायथ्याशी खड्डा खणतात. तोच धबधब्याखालचा डोह.

हे डोह जीव घेतात. चिंचोटीला तर वर्षानुवर्षं तरुण मुलं बुडाली आहेत. वरून पाणी संथ दिसतं, तळ मात्र एकदम खोल जातो. काठचा कातळ शेवाळाने निसरडा आणि गोल घासलेला असतो, त्यामुळे बुडणाऱ्याला धरायला कडाच नसते. शिवाय आपले ओढे लहान आहेत. त्यांचं पाणलोट क्षेत्र एवढंसं की डोंगरमाथ्यावर सर कोसळली की थोड्याच वेळात खाली लोंढा येतो. खाली ऊन असलं तरी येतो. आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्याकडेला शेवळं, कंटोळी विकायला बसणाऱ्या पाड्यावरच्या एका मावशींनी मला सांगितलं होतं, “बाई, पाणी गढूळ झालं आन् पालापाचोळा वाहत आला, की काठ सोडायचा. मागं वळून बघायचं नाय.” सुरक्षेचं याहून नेमकं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

शामारेलला धबधब्याखाली झुंबड नसते. कड्यासमोर कठडा लावलेला सज्जा आहे, लोक तिथून पाहतात. रंगीत मातीभोवती कुंपण आहे आणि बाजूने लाकडी वाट. त्या मातीवर कुणाला पाय ठेवू देत नाहीत. ती कशी तयार झाली, हे पाहणाऱ्याला तिथेच समजतं. तिकिटाच्या पैशांतून जागेची निगा राखली जाते. आपल्याकडे जवळपास दर पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचा आदेश निघतो. जीव वाचवायला तो हवाच, आणि तो पाळायलाच हवा. पण नुसत्या बंदीने माणसाला डोंगर कळत नाही. जे कळत नाही त्याची काळजी कुणी घेत नाही. मग त्याच डोंगरात खदान निघते, ओढ्यात राडारोडा पडतो, आणि पाणी दुसरी वाट शोधत आपल्या इमारतींत शिरतं.

म्हणून मागणं साधं आहे. घोडबंदर किल्ल्यापाशी, चेण्याच्या पुलापाशी, उत्तनच्या किनाऱ्यावर, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी मराठीत एकेक फलक लागावा: हा दगड कोणता, किती जुना आणि कसा झाला. धोक्याच्या धबधब्यांसमोर सुरक्षित अंतरावर कठडा असलेली जागा असावी, म्हणजे लोक डोहात उतरण्याऐवजी लांबून पाहतील. पाड्यांवरच्या मुलामुलींना वाटाड्या म्हणून तयार करावं. हा डोंगर त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला माहीत नाही आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या घरात जायला हवेत. शाळांनी वर्षाची एक सहल मॉलऐवजी कान्हेरीला न्यावी. उद्यान सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवावं.

तुम्हीही जा. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात कान्हेरीला जा, तेव्हा ओढा वाहता असतो आणि पायऱ्या सुकू लागलेल्या असतात. मुलांच्या हाती दगडाचा एक तुकडा द्या आणि त्याचं वय सांगा: सहा कोटी वर्षांहून अधिक. पाहून झाला की तो जिथून उचलला तिथेच ठेवायला सांगा.