तारामतीचं काम बाईने केलं तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या खोपोलीच्या गटाची बैठक झाली. हप्ते मोजून झाल्यावर एक ताई हळूच म्हणाली, "कंपनीत पॅकिंगचं काम मिळतंय. पण घरचे म्हणतात, चांगल्या घरच्या बायका बाहेर कामाला जात नाहीत." मला एकदम दुर्गाबाई खोटे आठवल्या.

'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई म्हणजे दुर्गाबाई, हे थोरल्यांना सांगायला नको. पण त्यांची गोष्ट सुरू होते त्याच्या तीस वर्षं आधी.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडं नेसून ते काम केलं. सिनेमात जाणं म्हणजे घराण्याला बट्टा, अशी तेव्हाची समजूत.

दुर्गाबाई १९०५ साली मुंबईत जन्मल्या. वडील सॉलिसिटर, सासर सधन, स्वतः कॉलेजात शिकलेल्या. पण सासरचा पैसा गेला. पदरात दोन मुलगे. १९३१ साली त्यांनी 'फरेबी जाल' या चित्रपटात छोटं काम केलं आणि लोकांची बोलणी खाल्ली. तरी त्या मागे हटल्या नाहीत. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई. गाणीही स्वतःच्याच गळ्याने गायल्या, कारण तेव्हा दुसऱ्याचा आवाज वापरायची सोय नव्हती. ज्या कामाला बाई मिळत नव्हती, ते काम एकोणीस वर्षांनी चांगल्या घरच्या बाईने केलं.

आपण शिकावं असं पुढे आहे. तेव्हा नट-नट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाई त्यातून बाहेर पडल्या. कोणाचं काम करायचं, हे त्या स्वतः ठरवू लागल्या. १९३७ साली 'साथी' चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनी केलं. १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा! उतारवयात त्या अलिबागला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात राहिल्या.

त्या ताईला मी म्हटलं, काम जरूर घे. पण रोज किती, जादा वेळेचे किती आणि पैसे तुझ्याच खात्यावर येणार ना, हे आधी विचार. आणि पुढच्या बैठकीला सासूबाईंना घेऊन ये. ही गोष्ट त्यांनाही सांगू.